तीनशे ग्रॅमचा हात

जुन्या जालन्यात कचरूच्या किराणा दुकानाला लागून रामकिसनची पत्र्याची टपरी होती. पेटी, बेंजो, गिटार, जे काही सुरावरून घसरलं ते तिथं यायचं. प्रत्येक वाद्याची चिठ्ठी खिळ्याला टोचलेली असायची: नाव, गाव, दुखणं. गिऱ्हाईक आलं की रामकिसन मान वर न करता म्हणायचा, "उद्या." बारशाला दिलेली पेटी पोराच्या लग्नात वाजायला मिळेल, असं कचरू म्हणायचा. पण रामकिसनच्या हातून निघालेलं वाद्य कधी बेसूर परत गेलं नव्हतं, आणि त्याची सगळी ऐट या एका गोष्टीवर उभी होती.

१९९६च्या एप्रिलची दहा तारीख. भुजंगनं लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार आणून फळीवर ठेवली. भुजंगची भीमगीतांची पार्टी होती आणि चौदा तारखेला, जयंतीला, परतूरला कार्यक्रम होता.

"चढून राह्यली," भुजंग म्हणाला. "आपले नवे वाजवणारे मच्छिंद्र गुरुजी, हसनाबादच्या शाळेवरचे. सकाळी बराबर लावतात, घंट्याभरानं अर्धा सूर वर. गाणाऱ्याचा गळा फाटायची पाळी आली. चौदाला सुरात पाहिजे. उद्या-बिद्या न्हाई चालणार."

रामकिसननं गिटार ओळखली होती. ती पुंजारामची होती, भुजंगच्या पार्टीत आधी वाजवणाऱ्याची.

"ठेव," एवढंच तो म्हणाला.

त्या गिटारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लोखंडी पट्टी, पक्की बसवलेली नव्हती. पुढून सहा तारा तिला ओढायच्या, मागून पोटातल्या तीन स्प्रिंगा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की घोडी तराजूच्या काट्यासारखी मधोमध तरंगायची. तिला एक दांडी होती. ती दाबली की सूर हेलकावे खायचा, सोडली की जागेवर यायचा. ऐकायला गोड, पण लावणाऱ्याचा जीव खाणारं काम. एक तार चढवावी तर घोडी पुढं झुकते आणि उरलेल्या पाच उतरतात. त्या सावराव्यात तर पहिली पडते.

रामकिसननं मागचं झाकण उघडलं, स्प्रिंगांचे दोन स्क्रू अर्धा अर्धा वेढा फिरवले, खुंट्या पिळल्या आणि पेटीची पांढरी तीन दाबून जाडी तार तिच्याशी जुळवली. तासाभरात गिटार सुरात आली. भिंतीला टांगून तो चहाला गेला.

परत येऊन त्यानं तारा छेडल्या. सहाच्या सहा अर्धा सूर वर.

उन्हाचा प्रताप म्हणावा, तर उन्हानं तार ढिली पडते, सूर उतरतो. चढत नाही. रामकिसननं तारांना, स्प्रिंगांना आणि पत्र्याला एका दमात शिव्या घातल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

अकरा तारखेला त्यानं नव्या तारा घातल्या. बाराला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपातून नव्या स्प्रिंगा आणल्या. मग वैतागून तीनातली एक काढूनच टाकली आणि दोनच स्प्रिंगांवर घोडी पुन्हा तोलून धरली. प्रत्येक वेळी गिटार सुरात यायची आणि पाठ फिरली की चढायची. त्यानं डोळा लावून बघितलं, तेव्हा घोडीची मागची कड जराशी दबलेली दिसली, कुणी तळहात टेकवावा तेवढी. हात लावला तर ती कोमट होती. सकाळचे साडेसात वाजले होते आणि टपरीतलं बाकीचं लोखंड थंडगार होतं.

रामकिसननं फडक्यानं हात पुसला. घाम आला असेल, म्हणाला. कुणाशी म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

तळहाताचं हे दुखणं त्याला माहीत होतं, हीच खरी अडचण होती.

दोन वर्षांमागं पुंजाराम याच फळीशी उभा होता. सळयांच्या मिलमध्ये उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेलेली. "रामकिसनभाऊ, हात अधांतरी ठरत न्हाई," तो म्हणाला होता. "टेकवला की घोडी दबती अन् सूर चढतो. माझ्या हाताच्या वजनाला धरून स्प्रिंगा ढिल्या करून दे. मंग हात टेकला की बराबर लागंल."

वजन किती ते बघायला त्यानं कचरूच्या फळीवर कोपर टेकवून तीन बोटांचा पंजा तराजूच्या पारड्यात सैल सोडला होता. दुसऱ्या पारड्यात तीनशे ग्रॅमची मापं पडल्यावर काटा मधे आला. कचरू हसला होता, "काय भाव द्यायचा?" पुंजारामही हसला होता. रामकिसननं आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि म्हणाला, "उद्या."

पुंजारामनं सात-आठ खेपा घातल्या. काम अर्ध्या तासाचं होतं. पण गिटार माणसाच्या हाताला जुळवायची, हे रामकिसनच्या ऐटीत बसत नव्हतं. शेवटच्या खेपेला तो चिडून म्हणाला, "हातानं वाद्याला वळायचं असतं, पुंजाराम. वाद्यानं हाताला न्हाई." त्या जयंतीला भरल्या मंडपात पुंजारामची गिटार चढली, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि तो गाणं अर्ध्यावर सोडून उतरला. पुन्हा चढला नाही. दिवाळीत काविळीनं गेला. मयतीला रामकिसन सगळ्यांच्या मागं उभा होता.

तेराच्या दुपारी भुजंग आला. गिटार छेडली. अर्धा सूर वर.

"तुझ्यानं होत नसंल तर सांग," तो म्हणाला. "औरंगाबादला नेतो."

असं आजवर रामकिसनला कुणी म्हणालं नव्हतं. "संध्याकाळी ने," तो म्हणाला आणि भुजंग गेल्यावर खिळ्यावरच्या चिठ्ठ्या उपसत बसला. तळाशी ती निघाली, त्याच्याच अक्षरात. पुंजाराम. हात टेकल्यावर सूर बरोबर लागावा. तीनशे ग्रॅम.

त्यानं कचरूकडून दोनशेचं आणि शंभरचं माप आणलं. गिटार आडवी ठेवली. स्प्रिंगा ढिल्या केल्या. घोडीच्या मागच्या कडेवर फडकं, फडक्यावर मापं. मग पेटीशी एकेक तार जुळवली. आता मापं उचलली की सूर अर्ध्यानं उतरायला हवा होता. पुंजारामला हवं होतं ते हेच.

त्यानं शंभरचं माप उचललं. तार छेडली.

सूर हलला नाही.

दोनशेचं उचललं. फडकं काढलं.

घोडी वर आली नाही.

त्यानं सहाही तारा एकदम छेडल्या. गिटार पेटीशी तंतोतंत जुळलेली होती.

रामकिसनला आधी भीती वाटली नाही, लाज वाटली. "आज केली बघ," तो रिकाम्या टपरीत म्हणाला. "उद्या न्हाई. आजच केली."

परतूरला मच्छिंद्र गुरुजी हात अधांतरी धरून वाजवत होते. त्यांची तशीच सवय होती. रामकिसन मंडपाच्या कडेला बसून तीन तास त्यांच्या हाताकडं बघत राहिला. तळहात एकदाही घोडीला लागला नाही आणि सूर एकदाही ढळला नाही. शेवटच्या गाण्याला लोक उभे राहिले. भुजंगनं येऊन त्याला मिठी मारली.

सगळे जेवायला गेले तेव्हा त्यानं गिटार हळूच छेडून बघितली. अर्धा सूर खाली. घोडी वर आलेली, गार.

हात उचलला गेला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा रामकिसनला मोकळं वाटलं. घरी आल्यावर तो डोकं टेकताच झोपला.

सकाळी टपरी उघडून त्यानं ती चिठ्ठी फाडली, नवं काम पुढं ओढलं आणि स्वतःशीच गुणगुणत बसला. शेजारून कचरूनं हाक मारली.

"रामकिसन, जरा माझा तराजू बघ की. काल बराबर होता. आज रिकामंच पारडं खाली बसून राह्यलं."

रामकिसनचं गुणगुणणं थांबलं. तो उठून दारात आला.

"दुसऱ्यात मापं टाकून बघितली," कचरू सांगत होता. "तीनशे ग्रॅम पडले तवा कुठं काटा मधी आला. आता बराबर हाय बघ. पण असं कसं चालंल? कवा करून देतो?"

तराजू फळीवरच्या स्टँडला लटकलेला होता. एका पारड्यात दोनशेचं आणि शंभरचं माप, दुसऱ्यात काही नाही, काटा मधोमध. रामकिसनची नजर रिकाम्या पारड्यावर खिळली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि वीस वर्षांच्या सवयीनं जीभ आपली आपण वळली.

"उद्या," तो म्हणाला.

मापांचं पारडं सावकाश वर गेलं.