दरी दिसली पाहिजे

ती काचेवर आपटली तेव्हा पलीकडे कोणी नसतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. नाक चोळत ती गुपचूप मागे फिरली असती आणि घरी कोणाला पत्ताही लागला नसता. पण काचेच्या पलीकडे एक माणूस उकिडवा बसून खालच्या फटीचं माप घेत होता, आणि त्याने सगळं बघितलं होतं. बरं, काच तरी कोणाची? हिचीच. “इतकी स्वच्छ हवी की आहे हे कळूच नये,” असं काचवाल्याला बजावणारी हीच.

“लागलं का?” त्याने विचारलं.

“छे. मी… बघत होते. नीट बसली आहे ना, ते.”

“घट्ट बसली आहे.” हसू आवरायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला, पण जमलं नाही. “हाताने ठोकून बघणारे खूप पाहिले. नाकाने बघणारं आज पहिल्यांदाच.”

तिचे कान असे तापले, की विचारू नका.

ती बागा आणि अंगणं आखून द्यायची. डोंगरउतारावर तिच्या दादा-वहिनीचं छोटंसं हॉटेल होतं. तिथे त्यांनी पोहण्याचा तलाव बांधायला काढला आणि त्याच्या भोवतीचं सगळं हिच्यावर सोपवलं. पहिलंच स्वतंत्र काम, त्यातून घरचं. म्हणजे चुकलं तर जन्मभर जेवताना ऐकायचं. तलावाच्या वरच्या अंगाला खोल्या, खालच्या अंगाला दरी. पाण्यात उभं राहिलं की पाणी संपतं तिथे थेट समोरचे डोंगर सुरू व्हावेत, एवढा एकच हट्ट तिने धरला होता. आणि हा होता सुरक्षा तपासणारा. याची सही झाल्याशिवाय एकही पाहुणा पाण्यात पाय बुडवू शकणार नव्हता. वहिनीने त्याचं पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं – कुंपणवाले.

“तीन बाजूंना काच आहे, ठीक आहे,” कुंपणवाले म्हणाले. “दरीकडे काय लावणार?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे दरी.”

तो कडेपर्यंत गेला, खाली वाकून बघून आला. “सुंदर आहे,” तो म्हणाला. “पण ती माणूस परत देत नाही. इथे कठडा लागेल.”

“कठडा लावला तर पोहणाऱ्याला काय दिसेल? गज. मग डोंगरावर कशाला यायचं माणसाने, घरच्या खिडकीतून बघावं की.”

ती भांडत होती खरी, पण त्याच्याकडे न बघता. नाकाचा शेंडा अजून लाल होता ना.

पुढच्या खेपेला धुकं होतं. दरीतून वर येणारं, ओल्या सिमेंटचा वास घेऊन येणारं. दोघं रिकाम्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसली होती आणि तिला एकदम सुचलं. कुंपण काठावरच कशाला? उतारावर आणखी खाली घेतलं तर?

तिने ते बोलून दाखवलं, तसा तो वाकून उतार न्याहाळू लागला. मग म्हणाला, “काठाखाली एक रुंद ओटा करा. चुकून कोणी पलीकडे गेलंच, तर ओट्यावर पडेल. आणि ओट्याच्या पुढे, उतारावर कुंपण. आतून दिसणारच नाही ते.”

“किती खाली?”

“ते पोहणाऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागेल.”

म्हणून मग धुकं विरल्यावर दोघं त्या कोरड्या तलावात उतरली आणि गुडघे वाकवून, काठाला हनुवटी लावून उभी राहिली. माळीकाका उतारावर बांबू धरून उभे. “अजून खाली, काका… अजून जरा…” काका पुटपुटत उतरत होते. बांबूचं टोक दिसेनासं होईपर्यंत दोघांचे गुडघे थरथरायला लागले. खांद्याला खांदा लागला होता आणि तो हलवायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

“गेला,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“बांबू.”

“हो… बांबू.” तो समोर बघतच नव्हता. मग घाईने उभा राहिला आणि गुडघा धरून कळवळला. ती इतकी हसली की खालून काकांनी विचारलं, काय झालं म्हणून.

जाताना तो फाटकापाशी घुटमळला. “एक विचारायचं होतं. पण माझी सही व्हायची आहे अजून, तोवर… बरं दिसणार नाही.”

“असं काय विचारायचंय?”

“तेच तर आत्ता विचारता येत नाही.” आणि मग, सरकारी आवाजात, “तो बाक मात्र काचेपासून लांब न्या. एखादं पोर त्यावर चढलं की आत.”

बाक म्हणजे तिचा जीव की प्राण. सागवानी, पाठीला किंचित कलता. वरच्या अंगाला, काचेला अगदी खेटून तिने तो ठेवला होता. त्यावर बसलं की काचेतून पाणी आणि पाण्यापलीकडे अख्खी दरी. लांब नेला तर काय दिसणार होतं? कपडे बदलायच्या खोल्यांचं छप्पर.

“हलवते हो,” ती म्हणाली.

आणि तपासणीच्या दिवशी हलवलाही. दादाने एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि बाक गेला धुलाईघराच्या मागे, चादरींच्या आडोशाला. तिथे तो राहणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

त्याने ओटा पाहिला, खालचं कुंपण पाहिलं, फाटक आपोआप मिटतंय का ते पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. बाकाच्या रिकाम्या जागेपाशी आला आणि थांबला.

“हलवलात?”

“हलवला.”

“जड गेलं असेल.”

“गेलं,” ती म्हणाली, आणि मान जराशी तिरकी करून पुढे म्हणाली, “पण तुमच्यासाठी म्हणून केलं.”

तो लाजला. चांगला उंचापुरा माणूस, पण टेप गुंडाळताना त्याच्या बोटांचा गोंधळ उडाला. सही करून तो गेला आणि ती स्वतःवर भारी खूश झाली.

दुपारी फोटोवाला येणार होता. बाक परत काचेपाशी आला, फोटोपुरता. फोटो झाक आले. फोटोवाला गेला, चहा झाला, आणि बाक तिथेच राहिला. उद्या बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. उद्या ती बघणार नव्हती.

संध्याकाळी उन्हं कलत असताना तो परत आला. हातात टेप नव्हती, शर्टाला इस्त्री होती. ती पायऱ्या उतरून समोर गेली. काय विचारेल, आपण किती वेळ आढेवेढे घ्यायचे, सगळं मनात ठरत होतं. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“आत्या, बघ, मी किती उंच.”

दादाची लेक, चिमणी, बाकावरून काचेवर चढून बसली होती. एक पाय काचेच्या अलीकडे, एक पलीकडे. पलीकडे दोन पावलांवर पाणी, निळंशार, भरलेलं.

ही जागच्या जागी खिळली. धावला तो. त्याने मागून पोरीच्या कमरेला विळखा घातला आणि तिला उचलून खाली घेतलं. खेळ मोडला म्हणून चिमणीने भोकाड पसरलं. ते ऐकून वहिनी पिठाच्या हातांनी धावत आली, पोरीला ओढून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून तशीच उभी राहिली. दादा मागून आला आणि काय झालं ते कळून जागीच थबकला.

कुंपणवाल्यांनी बाकाच्या पाठीवर हात ठेवला. “हा हलवला होता ना?”

“फोटोपुरता… परत आणला होता.”

“फोटो झाले?”

“हो. दुपारीच.”

त्याने मान हलवली. तिला वाटलं आता बोलेल, रागावेल, चारचौघांत काढायचं ते काढेल. तो फक्त म्हणाला, “सही माझी आहे,” आणि पायऱ्या चढून निघून गेला.

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते का म्हणतात हे तिला तेव्हा कळलं. बोलणी खाल्ली असती तर बरं झालं असतं. ‘तुमच्यासाठी म्हणून केलं.’ हे आपणच बोललो होतो, मान तिरकी करून. तिला स्वतःच्या त्या मानेची किळस आली. चिमणीची चप्पल बाकाखाली पडली होती, ती उचलून द्यायलाही हात धजेना.

“अगं, काही झालं नाही ना शेवटी,” दादा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा,” वहिनी म्हणाली. एरवी नणंदेची टिंगल केल्याशिवाय जिला घास उतरायचा नाही, ती वहिनी हिच्याकडे बघतही नव्हती.

“मी उद्या त्यांच्या ऑफिसात जाते,” ती कशीबशी म्हणाली. “सही रद्द करा म्हणून सांगते. बाक लपवला होता म्हणून सांगते.”

“वेडी आहेस का? पाहुण्यांना बोलावून बसलोय आपण. आणि उचलायला मीही होतोच की.”

“जाऊ दे तिला,” वहिनी म्हणाली. “माझी पोर होती ती.”

सकाळी पाऊस बारीक भुरभुरत होता. ऑफिसात ओल्या छत्र्यांचा वास आणि कुरकुरणारा पंखा. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. साहेब म्हणजे चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या एक बाई होत्या, आणि त्यांच्या टेबलासमोर तो आधीच उभा होता. ही दारातच थबकली. परत फिरावं… पण मग कधीच यायला झालं नसतं.

“बाई, चूक यांची नाही,” ती आत जाऊन म्हणाली. “बाक मी मुद्दाम लपवला. यांना दिसू नये म्हणून. आणि हे गेल्यावर परत आणला. काल माझी भाची त्यावरून पाण्यात पडता पडता वाचली.”

बाईंनी चष्मा लावून तिला नीट पाहिलं. मग त्याला.

“हे मगाचपासून सांगतायत, चूक त्यांची. हलवलेली वस्तू कुठे नेली ते जाऊन बघायला हवं होतं, ते बघितलं नाही म्हणे. का नाही बघितलं, तर गप्प. आता तुम्ही म्हणताय चूक तुमची. मी इतकी वर्षं इथे बसले, लोक चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालताना पाहिले. तुम्ही दोघं तर ती वाढदिवसाच्या केकसारखी ओढताय.”

कोणीच हसलं नाही. त्याचे कान लाल झाले होते.

“तलाव बंद,” बाई म्हणाल्या. “बाक काचेपासून लांब, जमिनीत पक्का रोवायचा. मग नव्याने तपासणी. ती दुसरा माणूस करेल.” त्याच्याकडे वळून त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही या कामातून बाहेर. का नाही बघितलं, ते मला न सांगताही कळलंय.”

दोघं जिन्यापाशी आली. तिची नजर फरशीवरच.

“दादाला रात्री सांगितलं,” ती म्हणाली. “बाक मागे रोवायचा. दरी नाही दिसली तर नाही दिसली.”

“हं.”

“आणि ते मी म्हणाले होते… तुमच्यासाठी म्हणून केलं… ते सगळ्यात वाईट होतं. बाकापेक्षाही. त्याची माफी कशी मागायची, ते मला कळत नाहीये.”

“हो,” तो म्हणाला. “तेच लागलं मला.”

कारणं सांगायची नाहीत, रडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. त्यातलं दुसरं जमेना, डोळे भरून आलेच.

“तर आता मी त्या कामावर नाही,” तो म्हणाला.

“माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळेच.” तो कठड्याला टेकला. “म्हणजे आता विचारायला हरकत नाही.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “अजून… विचारायचंय?”

“राग आहे मला. रात्रभर होता. आत्ताही आहे. पोरगी डोळ्यांसमोरून जात नाही. राग कधी जाईल ते मला सांगता येत नाही.”

“मग?”

“मग…” तो अडखळला. “घरी एकट्याने धुसफुसत बसण्यापेक्षा तुमच्यासमोर बसून धुसफुसावं, असं वाटतंय. असा रागावलेला माणूस चालेल का चहाला?”

तिने कालपासून पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं, पण तो तिच्याकडेच बघत होता.

“शरमेने मेलेली बाई तुम्हाला चालणार असेल तर,” ती म्हणाली.

तो जिन्याची एक पायरी खाली उतरला आणि तिच्यासाठी थांबला.