सात नंबरची हजेरी

"एका पोरीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड बांधून ज्यांनी ड्यूटीच्या तक्त्यावर सही केली, ते त्या रात्री आपापल्या घरी गाढ झोपले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते तिला."

काका थांबले. मनोरुग्णालयात उभी हयात काढलेले हे निवृत्त ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हॉस्टेलच्या जिन्यात बसले होते. वीज गेलेली. खालच्या पायऱ्यांवर नर्सिंगच्या नव्या मुली.

"काका, घाबरवू नका हं. उद्या आमची पहिली नाइट आहे."

"म्हणून तर सांगतोय. माझ्याच हाताखाली शिकलेली होती ती."

जानेवारीतला दुसरा शनिवार. कडाक्याची थंडी. निळा स्वेटर चढवून सिस्टर जादा ब्लँकेटं आणायला स्टोअरमध्ये गेली आणि ड्यूटी सुरू झाली. जोडीची सिस्टर आलीच नव्हती. ऑफिसला फोन केला तर उत्तर मिळालं, "आजच्या दिवस ॲडजस्ट करा."

या वॉर्डात रात्रीचा एक नियम असतो. पेशंट झोपलेला दिसला, एवढ्यावर भागत नाही. खाटेपाशी जायचं, पांघरूण श्वासाने हलताना बघायचं, मगच पुढे.

सात नंबरच्या खाटेवर एक शाळेतल्या बाई होत्या. जीव नकोसा झाला म्हणून आलेल्या, आता सावरलेल्या. सकाळी लेक न्यायला येणार होती. टॉर्चने झोपमोड होते म्हणून त्या कुरकुरायच्या, तेव्हा सिस्टरनेच तोडगा काढला होता. "मी दारातून उजेड दाखवीन, तुम्ही हात वर करा. झाली हजेरी."

"जन्मभर घेतली, आता देते," बाई हसल्या होत्या.

त्या रात्री मात्र म्हणाल्या, "आज जवळ ये गं. जीव घाबरल्यासारखा होतोय."

सिस्टरने नाडी पाहिली. ठीक होती. "येते बाई. नक्की."

तेवढ्यात एका धिप्पाड पेशंटला आणलं. ती भिंतीवर डोकं आपटत होती. सिस्टर तिला धरून बसली. ती जरा निवली तशी सिस्टर राउंडला उठली. दारातूनच टॉर्च मारला. सात नंबरवर हात वर.

"शाब्बास, बाई," पुटपुटली आणि पळाली.

दुसरा राउंड. हात वर. वळताना कुणीतरी स्वेटरची बाही ओढली.

"आले हं, आलेच."

मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

तिसरा राउंड. हात वर. ताठ.

बाही पुन्हा ओढली गेली. जोरात.

सिस्टर थांबली. सगळा वॉर्ड चिडीचूप... ती खाटेपाशी गेली.

हात पांघरुणाच्या आत होते. दोन्ही. छातीवर. थंडगार.

पांघरूण... हलत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पहिल्या राउंडच्याही आधी.

चौकशीत ती एकच सांगत राहिली, "हात वर होता." समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिला घरी बसवलं. तिच्या बाहीवर खडूची पाच पांढरी बोटं उमटली होती. त्या वॉर्डात खडू कधीच नव्हता.

जिन्यातल्या एका मुलीने विचारलं,

"आणि काका... हात आणखी कुणी पाहिला?"

त्या सकाळी सिस्टर रिकामी खाट आवरत होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरची म्हातारी, जी कधी कुणाशी बोलत नसे, कूस बदलून म्हणाली होती,

"बाई रात्रभर हात वर करून होत्या गं. तू जवळ का नाही गेलीस?"