हसल्यावर निघणारा फोटो

त्या दिवशी कृष्णात कळंब्याहून कोल्हापुरात गेला, तो एका जुन्या फोनचा चार्जर शोधायला. बारीक पिनेचा चार्जर आता कुणी ठेवत नाही. राजारामपुरीतल्या एका दुकानात पोरांनी तो फोन उलटासुलटा करून पाहिला, एकमेकांना दाखवला.

"पावणं, ह्यो म्युझियमात द्या की," एक जण म्हणाला. "तिकीट लावत्याल."

कृष्णात नुसती मान हलवून पुढच्या दुकानात गेला. घरी म्हैस अडून बसलीय आणि तिच्यासाठी चार्जर हवाय, असं सांगितलं असतं तर त्या पोरांनी सगळा बाजार गोळा केला असता. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने खोक्याच्या तळातून एक गुंडाळलेली वायर काढली, फुंकर मारून पिशवीत टाकली आणि काही विचारलं नाही.

गोष्ट अशी होती, की कृष्णातची आई बनाबाई मार्गशीर्षात गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची म्हैस काशी व्याली. काशी लहानपणापासून आईच्या हाताखालची. आईने थानांना तेल लावायचं, काहीतरी पुटपुटत, हुंकारत धारेला बसायचं आणि मग काशीने पान्हा सोडायचा, अशी त्या दोघींची रीत. आई गेल्यावर काशीने दूध चोरलं. कास भरून तटतटायची, पण थेंब सुटायचा नाही. रेडी तोंड लावायला गेली की काशी तिलाही लाथ मारायची. शेजारच्या गोठ्यातून दूध आणून रेडीला बाटलीने पाजावं लागत होतं. कृष्णातच्या बायकोने, वर्षाराणीने, सासूचं लुगडं नेसून पाहिलं. एरवी नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्या तिने दातांना मिश्रीसुद्धा लावली. काशीने लुगड्याचा लांब वास घेतला आणि तोंड फिरवलं.

म्हशींचा दलाल पिराजी येऊन कास चाचपून गेला. "कृष्णातराव, दगड व्हाया लागलाय. दुकायला लागलं की जनावर हातचं जाईल. इंजेक्शन मारा, न्हायतर रविवारी टेंपो घेऊन येतो." काशीला नेणार कुठे, असं कृष्णातने विचारलं. पिराजीने हात झटकले आणि चप्पल पायात घातली.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या कृष्णातला तो फोन आठवला.

तो फोन घेतला तेव्हा कृष्णात उद्यमनगरात लेथवर कामाला होता. कॅमेऱ्याचा फोन म्हणजे तेव्हा अपूर्वाई. पाठीवरची झडप सरकवली की भिंग उघडायचं, डोळा उघडावा तसं. इंग्रजी बेताचंच, पण रोज सांजेला पायरीवर बसून त्याने एकेक खूण दाबत तो फोन समजून घेतला. एक ॲप पाणसळीचं होतं, पडद्यावर बुडबुडा तरंगायचा. त्याने ते लेथच्या बेडवर ठेवून पाहिलं, खऱ्या पाणसळीशी तंतोतंत जुळलं. एक होकायंत्र, त्यावरून त्याने आईच्या खाटेचं डोकं पूर्वेला केलं. अख्खा रंकाळा एका लांबलचक फोटोत बसवला. पण सगळ्यांत मोठं नवल त्या कॅमेऱ्याचंच होतं. माणसाचा चेहरा समोर आला की पडद्यावर आपोआप पिवळा चौकोन उमटायचा. कॅलेंडरवरच्या देवालाही बसायचा, म्हशीला मात्र कधीच नाही. आणि आतल्या एका यादीत हसऱ्या फोटोची सोय होती. ती चालू करून फोन कुठेही टांगून ठेवायचा. बटण दाबायला नको, काही नको. समोरचं माणूस हसलं, की खट् करून फोटो निघायचा.

फक्त आईपुढे त्या फोनचं काही चाललं नाही. फोन उचलला की ती पदर तोंडावर ओढायची. "माजं त्वांड त्यात कोंडू नगंस," म्हणायची. त्यामुळे ती गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीला लावला, तर तो असा काही पसरट आणि धुरकट आला, की कुणा तिऱ्हाईत बाईला हार घातल्यागत वाटायचं.

पण आवाज टिपायचं एक ॲप होतं. कृष्णातने एकदा गुपचूप फोन गोठ्यातल्या खुंटीला टांगून आईचं धारेचं बोलणं टिपलं होतं. आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

फोन चार्ज व्हायला वेळ लागला. बॅटरी पोटात फुगलेली, मागचं झाकण नीट बसत नव्हतं. तरी दिवेलागणीला पडदा उजळला. कृष्णातने टिपलेला आवाज लावून फोन त्याच खुंटीला टांगला आणि बादली घेऊन काशीपाशी बसला. आई बसायची भिंतीकडच्या सापटीत. कृष्णात अंगाने आडवा, तिथे मावत नसे, म्हणून तो अलीकडून बसला.

"हं... हं... काशे... ये माजे बाय... सोड गं... सोड..."

काशीचं रवंथ थांबलं. कान वळले. गोठ्यात शेणाचा, ओल्या वैरणीचा वास होता, त्यात कुठूनतरी मिश्रीचा एक पुसट वास मिसळला. मग काशीने एक लांब सुस्कारा सोडला आणि कृष्णातच्या हाताखाली कास एकदम सैल झाली. बादलीत धार वाजली. दारात उभी असलेली वर्षाराणी नकळत खाली बसली आणि तिने गोठ्यालाच हात जोडले.

रविवारी पिराजीचा टेंपो रिकामा परत गेला. भरलेली बादली बघून पिराजीने कोणतं इंजेक्शन, असं विचारलं. कृष्णातने नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं. पिराजी हसला नाही.

पुढे कृष्णातने तोच आवाज नव्या फोनवर घेऊन पाहिला. अधिक खणखणीत लागला, पण काशीने कानही हलवला नाही. तिला तोच फोन हवा होता, आणि तो तर आज आहे उद्या नाही असा.

टिपलेला आवाज मधेच तुटायचा. कृष्णातला तेव्हा खोकला आला होता, तिथे तो संपायचा. एका सांजेला तो डोळे मिटून धार काढत होता. आईचा आवाज चालला होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की अजून खोकला आलेला नाही. आवाज चाललाच होता... हळू, शांत.

"बास आता... ऱ्हायल्यालं तिच्या लेकीला..."

काशीची लेक आई गेल्यावर जन्मली होती. कृष्णातने डोळे उघडले. खुंटीवरचा फोन काळाठिक्कर होता. उठून हात लावला, तर तो विहिरीतून काढल्यासारखा गार लागला. कासेला रेडी स्वस्थ पीत होती आणि काशी मान वळवून तिला चाटत होती. पहिल्यांदाच.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून मोठं असं काहीतरी छातीत भरून आलं, देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना येतं तसं.

दुसऱ्या दिवशी त्याने गोठ्यापर्यंत वायर ओढली, फोन चार्जरला लावूनच चालू केला आणि कॅमेरा उघडला. वर्षाराणीने हात धरला. सासूला ती आत्या म्हणायची. "नगा अवं. आत्यांनी जित्त्यापणी काढू दिला न्हाय..."

"इचारून बघतो," तो म्हणाला.

पडद्यावर काशी आली, भिंत आली, टोपलं आलं. पिवळा चौकोन कुठेच नव्हता. मग भिंतीकडच्या त्या सापटीत, खाली, उकिडव्या बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तो उमटला. थरथरला, आणि स्थिर झाला. तिथे पोपडे आलेल्या भिंतीशिवाय काहीच नव्हतं. कृष्णातने फोन डावीकडे नेला, उजवीकडे नेला. चौकोन आपली जागा सोडेना.

त्याने हसऱ्या फोटोची सोय चालू केली, फोन खुंटीला अडकवला आणि बादली घेऊन आपल्या जागी बसला. धार सुरू केली. मग त्या सापटीकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "आई... एकडाव पदर बाजूला घे की. भिंतीवरची बाई कोन हाय, आमाला ठावं न्हाय गं..."

काशीने रवंथ थांबवलं. बादलीतली धार थांबली. बाहेर तलावाकडून टिटवी ओरडली आणि तीही थांबली.

खट्.

वर्षाराणी दारातूनच कुजबुजली, "कोन हसलं?"

कृष्णात हसला नव्हता. त्याचे गाल ओले होते.

दोघं खुंटीपाशी गेली. काढलेला फोटो तो फोन क्षणभर पडद्यावर धरून ठेवायचा. तो तेवढा क्षण त्या दोघांना मिळाला. मग पडदा विझला. चार्जर लावून, बॅटरी दाबून, कशानेही तो फोन पुन्हा लागला नाही. राजारामपुरीतल्या म्हाताऱ्यानेही उघडून पाहिला आणि आत सगळं जळून गेलंय म्हणाला.

त्या सांजेला चुलीपुढे वर्षाराणीने एवढंच विचारलं, "तुमाला दिसलं?"

"व्हय."

"पदर..."

"न्हवता."

त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. आधार कार्डावरचा फोटो कृष्णातने उतरवला आणि त्या खिळ्याला तो मेलेला फोन दोरीने टांगला. पाहुणे विचारतात, तो नुसता हसतो. काशी आता कुणाच्याही हाताने, कसल्याही आवाजाशिवाय पान्हा सोडते. फक्त भिंतीकडच्या सापटीत टोपलं ठेवलं की बिथरते, म्हणून ती जागा सगळे मोकळी ठेवतात.

फुगलेली बॅटरी कृष्णातने तेव्हाच काढून टाकली. तरी सांजेला गोठ्यात धार सुरू झाली, की घरातल्या त्या भिंतीवरून कधीकधी आवाज येतो.

खट्.

त्या वेळी घरात कुणी नसतं.