ठाकुर्लीचा साडेपाचचा वारा

"हलू नका! आणि प्लीज, श्वास तिकडे सोडा."

एखाद्या मुलीनं सम्यकशी बोललेलं पहिलं वाक्य असं असावं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आईची उन्हात टाकलेली उशी उचलायला तो गच्चीवर आला होता. उशी छातीशी धरून तो दारातच थिजला. समोर एक मुलगी, कपाळावर घामानं चिकटलेल्या बटा, हातात वही, आणि डोळे त्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीत रोखलेले. पेटीचं दार उघडं होतं. महिनाभर जिला तो चिमण्यांचं घर समजत होता, तीच ती पेटी.

"एकतीस पूर्णांक सहा... अठ्ठावीस पूर्णांक चार," ती पुटपुटली, लिहिलं, घड्याळ पाहिलं, आणि मग कुठे वळून हसली. "सॉरी हं. माणसाच्या श्वासानंसुद्धा आकडा हलतो. मी करिश्मा, दुसऱ्या मजल्यावरची. तुम्ही चौथ्यावर नवीन आलात ना?"

"हो, सम्यक. यात... चिमण्या नाहीत का?"

"चिमण्या?" ती इतकी हसली की वही खाली पडता पडता वाचली. "हे माझं हवामान केंद्र आहे!"

करिश्मा डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. मुंबईचं तापमान टीव्हीवर सांगतात, पण ठाकुर्लीत किती उकडतं हे कोण सांगणार, असा प्रश्न तिला दोन वर्षांपूर्वी पडला. दुसरा कुणी असता तर पंखा वाढवून गप्प बसला असता. हिनं जुन्या खिडकीच्या झडपा सुताराकडून जोडून घेतल्या, पांढरा रंग दिला आणि आत दोन तापमापक लावले. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला ओल्या मलमलीची वात, तिचं शेपूट पाण्याच्या बाटलीत. दोन्हींतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, दोन नोंदी, ताप आला तरी चुकवायच्या नाहीत. तिच्यासारखेच अकरा वेडे कल्याण-डोंबिवलीत होते. त्यांचे म्होरके टिटवाळ्याचे गुरुदत्त काका, चाळीस वर्षं हाच उद्योग करणारे.

"आणि आता ऐका गंमत," ती आवाज खाली आणून म्हणाली, जणू गच्चीवर चोर होते. "गेल्या महिन्यात नऊ दिवस, बरोबर साडेपाचला, इथलं तापमान एकदम दोन-अडीच अंशांनी उतरलंय आणि दमटपणा वाढलाय. डोंबिवलीत नाही, टिटवाळ्यात नाही, फक्त इथे! आजचा दहावा. मला वाटतं, खाडीवरून एक चिंचोळा वारा येतो आणि आपल्याच बिल्डिंगवरून जातो. पुढच्या रविवारी टिटवाळ्याला आमच्या बैठकीत मी यावर बोलणार आहे. काका म्हणालेत, पटलं तर ते पुढे एका प्राध्यापकांना पाठवतील."

सम्यकनं पेटीकडे पाहिलं, मग गच्चीकडे. गच्ची कोरडी ठाक होती. मे महिन्यातली तापलेली गच्ची बादलीभर पाणी दहा मिनिटांत पिऊन टाकते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? संध्याकाळची, साडेसहाची पाळी असली की दुपारी कपडे धुऊन उरलेलं पाणी तो पाचच्या सुमाराला गच्चीवर ओतायचा. खाली त्यांचं घर होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला जिना उतरता येत नव्हता, आणि छत दिवसभर आग ओकायचं. शेवटचे दोन मग तो न चुकता त्या पेटीवर मारायचा, चिमण्यांनाही जरा गार वाटावं म्हणून.

लाकडी झडपा आतून ओल धरून बसायच्या. म्हणजे तो चिंचोळा वारा पाच फूट सात इंच उंचीचा होता आणि या क्षणी उशी धरून उभा होता.

त्यानं तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. पण ती वहीची पानं उलटून दाखवत होती, प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ, आणि डोळ्यांत अशी चमक की... तो म्हणाला, "भारी आहे." घात झाला तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो पुन्हा गच्चीवर होता. उशी नव्हती.

"आज काय वाळत घातलंय?" करिश्मानं विचारलं.

"काही नाही. आकडा बघायला आलो."

"आकडा... की आकडा लिहिणारी?"

"आधी आकडा," तो म्हणाला, आणि कान लाल झाले ते उन्हानं झाले असं मानायला ती तयार नव्हती.

सम्यक डोंबिवलीत दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. लोकांच्या कवळ्या, दातांवरच्या टोप्या घडवायचा. केसाइतका फरक राहिला तरी माणूस जेवताना शिव्या घालतो, त्यामुळे नजर पक्की. तापमापकाचा पारा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा, हे तिनं एकदाच सांगितलं आणि त्याला जमलं. मग तो वाचायचा, ती लिहायची. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही' गळून पडलं, कुणाच्या तोंडून आधी ते दोघांनाही आठवत नाही.

"तुझे दात चांगले आहेत," चौथ्या दिवशी तो म्हणाला.

"ही काय तारीफ झाली?"

"माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी नाही."

ती तोंडावर वही धरून हसली. पण एरवी ती हसत नव्हती, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. कारण सम्यकनं पाणी ओतणं बंद केलं होतं. पेटीवर तर नाहीच, गच्चीवरसुद्धा थेंब नाही. साहजिकच वारा गायब झाला. ओळख झाली त्या शुक्रवारनंतर शनिवार गेला, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. चौतीस पूर्णांक दोन, सत्तावीस पूर्णांक सहा. चौतीस पूर्णांक चार, सत्तावीस पूर्णांक सात. करिश्मा आकडे लिहायची आणि खाडीच्या दिशेला बघत राहायची.

"इतके दिवस सलग कधी गेला नव्हता रे," ती म्हणाली. "काका विचारतील, कुठाय तुझा वारा? मी काय सांगू, सुट्टीवर गेलाय?"

घरी वेगळीच तऱ्हा. आईच्या, रमाबाईंच्या पाठीवर घामोळ्यांची रास उठली होती. "बाळा, तू पाणी मारायचं का सोडलंस रे? छत नुसतं भाजतंय," त्या टॉवेलनं वारा घेत म्हणाल्या. प्रेमात पडलेला माणूस आईला घाम फोडतो आणि मुलीला रडवतो, आणि एवढं करून स्वतःला शहाणा समजतो.

गुरुवारी त्याची संध्याकाळची पाळी होती. पाच वाजता तो बादली घेऊन वर गेला. पेटीसमोर उभा राहिला. आता त्याला माहीत होतं ही पेटी काय आहे. तरी त्यानं दोन मग मारले.

"सम्यक! एकतीस पूर्णांक आठ!" साडेपाचला करिश्मानं त्याचं मनगट घट्ट पकडलं. तिच्या हाताला घाम होता, बोटांना शाईचा डाग. "आला! आला ना! मला माहीत होतं तो येणार." तिनं हात सोडला नाही. आणि सम्यकला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी स्वतःची लाज वाटली. दहा वेळा तो चुकला होता ते अजाणता. हे अकरावं म्हणजे शुद्ध चोरी होती, आणि त्या चोरीचं बक्षीस म्हणून तिचा हात त्याच्या हातात होता.

शुक्रवारी तो गच्चीवर गेलाच नाही. शनिवारी गेला. तिचे आकडे लिहून होईपर्यंत थांबला.

"करिश्मा, उद्या जाऊ नकोस. म्हणजे जा, पण वाऱ्याचं बोलू नकोस. तो वारा नाहीये. मी आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. चिमण्या, बादली, आईची खोली, दोन मग. ती ऐकत होती. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"तारखा सांग."

त्यानं फोनमध्ये लॅबच्या पाळ्या पाहून एकेक तारीख सांगितली. ती प्रत्येक तारखेसमोर शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहीत गेली. दहा झाल्या.

"आणि गुरुवारी? गुरुवारी तर तुला माहीत होतं."

"गुरुवारी मुद्दाम."

"का?"

"तू पाच दिवस नीट हसली नव्हतीस... मला ते बघवेना. मला तू आवडतेस, करिश्मा. खूप. हे सांगायची ही वेळ नाही, मला कळतंय, पण खोटं आता एकही ठेवायचं नाहीये."

पेन थांबलं. तिनं टोपण लावलं.

"दहा दिवस मी माफ केले," ती शेवटी म्हणाली. "तुला माहीत नव्हतं. पेटीवर पाटी लावली नाही ही माझीच चूक. पण गुरुवारी तू माझ्या वहीत खोटं लिहवून घेतलंस, सम्यक. माझ्या हातानं." आणि ती जिना उतरून गेली.

रविवार त्यानं कसा काढला ते रमाबाईंना विचारा. चहात मीठ, भातात पाणी जास्त, आणि दर पंधरा मिनिटांनी खिडकी. शेवटी त्याच म्हणाल्या, "अरे, जिच्यापायी एवढं चाललंय, ती येईल तेव्हा घरात दिसणारेस का? वर जा."

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी करिश्मा वर आली. अंगावर टिटवाळ्याला नेसून गेलेली साडी, तिचा काठ धुळीनं माखलेला. ती सम्यककडे न बघता पेटीकडे गेली आणि दार उघडलं.

"वाच."

"चौतीस पूर्णांक एक... सत्तावीस पूर्णांक पाच."

तिनं लिहिलं. मग पेटीला टेकून उभी राहिली.

"सगळं सांगितलं मी तिथे. गुरुवारचंही. वाटलं होतं, हसतील. हसलेच. गुरुदत्त काका तर चष्मा काढून डोळे पुसत होते. म्हणाले, 'चाळीस वर्षांत वाऱ्यानं स्वतःहून येऊन चूक कबूल केल्याचं पहिल्यांदाच ऐकतोय. त्या वाऱ्याला एकदा चहाला घेऊन ये.'"

सम्यकला हसावं की नाही ते कळेना. "आणि तू? अजून रागावलीयस?"

"आहे ना. गुरुवारपुरती." तिनं वही त्याच्यापुढे धरली. शेऱ्याच्या रकान्यात, दहा तारखांसमोर, निळ्या शाईत लिहिलं होतं, 'पेटीवर पाणी – सम्यक.' गुरुवारच्या तारखेसमोर, 'पेटीवर पाणी, मुद्दाम – सम्यक.'

"अकरा वेळा माझं नाव?"

"आमच्यात खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंदसुद्धा तशीच ठेवतात, शेजारी कारण लिहून. हे आता कायमचं राहणार."

"मी पण राहू का?"

तिनं पेटीचं दार लावून छोटं कुलूप घातलं. खालून कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "सहा वाजता पाणी मारत जा गच्चीवर," ती म्हणाली. "नोंद झाल्यावर. रमामावशींना किती त्रास झाला असेल माझ्या वाऱ्यापायी... आणि उद्यापासून पाच दिवस मी नाशिकला आहे, शाळेचं ट्रेनिंग. माझ्या आईला जिना चढवत नाही. दोन वर्षांत एकही नोंद चुकलेली नाही माझी." तिनं पेटीची छोटी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि वर आपला हात ठेवून मूठ मिटवली. "पहाटे साडेपाचलाही उठावं लागेल."

"उठेन."

"आणि सम्यक... जे दिसेल तेच लिहायचं."

"तेच लिहीन."

"मलाही तू आवडतोस," ती जिन्यापाशी जाऊन म्हणाली, आणि इतक्या भरभर उतरली की त्याला नीट बघताही आलं नाही.

पाच दिवसांच्या दहा नोंदी. सम्यकनं एकही चुकवली नाही. पहाटे गच्चीवर तो, दोन तापमापक आणि टाकीवर झोपलेलं मांजर. रोज वहीच्या पानाचा फोटो तिला पाठवायचा. तिसऱ्या संध्याकाळी नाशिकहून फोन आला.

"हे काय लिहिलंयस शेऱ्यात?"

"काय?"

"'आभाळ निरभ्र. वारा नाही. उकाडा फार. करिश्मा नाही.' शेऱ्यात फक्त हवामान लिहायचं असतं, सम्यक!"

"जे दिसतं तेच लिही म्हणालेलीस ना तू?"

ती हळूच म्हणाली, "असू दे तसंच. खोडू नकोस."