पंधरा दिवसांचं गिऱ्हाईक

अमरावतीला शिकवणी वर्गांच्या गल्लीत मोनालीचं दुकान होतं, आणि त्या दुकानात चहा मिळत नसे. हे ठाऊक नसलेला एक माणूस जानेवारीतल्या एका दुपारी आत आला आणि त्यानं एक कट चहा मागितला. एक हात पोटावर, पट्टा एक भोक सैल, चेहरा ओढलेला. मोनालीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चहाच सोडायला हवा, असं सांगून ओव्याच्या गरम पाण्यात काळं मीठ टाकून पेला पुढे सरकवला.

त्यानं नाक मुरडत तो संपवला. दोन मिनिटं गेली... आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ढेकर आली. पहिल्याच भेटीत नायकानं असं काही करू नये, असा प्रेमकथेतला संकेत आहे, पण ते त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो कानापर्यंत लाल झाला. मोनालीनं हसू दाबायला तोंड फिरवलं आणि पुसलेलाच पेला पुन्हा पुसला.

त्याचं नाव धर्मेंद्र. अकोल्याचा. समोरच्या वर्गात गणित शिकवायचा, भाड्याच्या खोलीत राहायचा, मेसचं जेवायचा आणि संध्याकाळी भूक लागली की चटणी-दह्यात भिजलेला गिला वडा हाणायचा. पोट फुगायला आणखी काय लागतं?

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्याही. मोनालीकडे हिंग-जिऱ्याचं ताक असे, रात्री भिजवलेल्या बडीशेपेचं पाणी असे, आलं-लिंबू असे. कुणाला काय द्यायचं ते ती तोंड बघून ठरवी. धर्मेंद्र सगळं पीत गेला, आणि दिवसेंदिवस जास्त सावकाश पीत गेला. ताकाचा एक पेला त्याला वीस मिनिटं पुरू लागला. तिची आई आशाबाई मागे बसून आलं किसायची. ती एकदा म्हणाली की हा मास्तर ताक पिते का मोजते. दोनच्या सुमाराला मोनालीचं लक्ष दाराकडे जायला लागलं होतं, हे तिचं तिला कळलं होतं.

"आज कसं आहे पोट?" ती विचारायची.

"आज... डाव्या बाजूनं जड वाटते."

"काल उजवी बाजू होती, सर."

"फिरून राहिलं ते," तो गंभीरपणे सांगायचा. "तुमी समोर असल्या का जरा थांबते."

मग ती जिरं भाजायला घ्यायची. खमंग वास सुटायचा आणि धर्मेंद्र तेवढ्यासाठी आणखी पाच मिनिटं बसायचा.

दुकानाचा एक नियम होता. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मोनाली पंधरा दिवस पाणी द्यायची. त्यात बरं वाटलं तर उत्तम. नाही वाटलं, तर सोळाव्या दिवशी पेला नाही, सरळ डॉक्टर. गिऱ्हाइकं चिडत, काही तुटत, पण ती ऐकत नसे. कारण तिचे वडील गोवर्धन यांचं पोट असंच फुगायचं. अकरा महिने घरात ओवा उकळला, शेजाऱ्यांनी सांगितलेले काढे झाले, आणि डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे ती गिऱ्हाइकांना सांगत नसे. फक्त दिवस लक्षात ठेवायची.

पंधराव्या दिवशी तिनं विचारलं, तेव्हा धर्मेंद्र सवयीनं म्हणाला, की अजून जडच आहे.

मोनालीनं भरलेला पेला परत मागे घेतला.

"उद्यापासून पानी बंद. सोनोग्राफी करा, सर. रिपोर्ट दाखवा, तवाच इथं या."

त्यानं तोंड उघडलं... काहीतरी सांगणार असं वाटलं. मग "बरं" म्हणून तो उठला आणि गेला.

त्यानंतर सहा दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मोनालीनं ताकात दोनदा मीठ टाकलं. चौथ्या दिवसापासून तिला घास गिळवेना. हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिनं त्या चार दिवसांत मान्य करून टाकलं. तसं ते फारसं अवघड गेलं नाही. अवघड होतं ते त्याच्या पोटाचा विचार करणं.

सहाव्या दिवशी त्याच वर्गातला इंग्रजीचा मास्तर सागर आलं-लिंबू प्यायला आला. त्याच्याकडून कळलं, की धर्मेंद्र रजा टाकून अकोल्याला घरी गेलाय, पोटाची तपासणी झाली, आणि त्याच्या आईनं रविवारी शेतात रोडग्यांची पंगत ठेवलीय. महादेवाच्या नवसाची. सगळ्या मास्तरांना बोलावलंय.

नवस म्हटल्यावर मोनालीनं हातातलं लिंबू तसंच खाली ठेवलं. आईनं महादेवाला साकडं घातलं, म्हणजे डॉक्टरांनी काय सांगितलं असेल? तिनं आशाबाईला अकोल्याहून जिरं आणायचंय असं सांगितलं. आशाबाईनं घरातल्या दोन भरलेल्या डब्यांकडे पाहिलं आणि जा म्हणाली. रविवारी सकाळी मोनाली सागरबरोबर बसमध्ये बसली. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तिनं खिडकीबाहेर पाहिलं, पण दिसलं काही नाही.

शेतात गोवऱ्यांचा धूर होता. निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे पोत्यावर झटकणं चालू होतं, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. आणि पंगतीच्या पहिल्या पाटावर, कपाळाला गुलाल लावून, धर्मेंद्र तुपात बुडवलेला चौथा रोडगा खात होता.

मोनाली जागच्या जागी थांबली. आजारी माणूस रोडगा खात नाही. अर्धा खाल्ला तरी चांगल्या पोटाचा माणूस आडवा होतो.

त्याची आई तानुबाई वाढत होती. आलेल्या प्रत्येकाला ती तीच हकिगत सांगत होती, तशी मोनालीलाही सांगितली. पोरगं तपासायचं म्हणून घरी आलं, तिच्या जिवाचं पाणी झालं, तिनं सव्वा पायलीचे रोडगे बोलले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पोट एकदम ठणठणीत. पोरगं लगेच अमरावतीला निघालं होतं, पण नवस फेडल्याशिवाय तिनं त्याला हलू दिलं नाही.

धर्मेंद्रनं वर पाहिलं. मोनाली दिसताच घास हातातच राहिला. ती विहिरीकडे चालू लागली, तसा तो उष्ट्या हातानंच तिच्यामागे गेला.

"पोट कवा बरं झालं?" तिनं विचारलं.

त्यानं पायाकडे पाहिलं. "चवथ्या दिवशी."

"अन मंग?"

"बरं झालं म्हनलो असतो, तं तुमाकडे यायले कारन उरलं नसतं. त्या दिवशी खरं सांगनार होतो... पन तुमी रिपोर्ट मांगतला. मले वाटलं, चला, रिपोर्ट घिऊन तरी येता येईन."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

"माहे बाबा असेच पोट धरून बसत होते. अकरा महिने. मीच त्याईले पानी उकळून देत होती." ती विहिरीच्या कठड्याला टेकली. "चार दिवस झाले, मले जेवन गेलं नाई. मले वाटलं, तू बी चालला."

तुम्हीचा तू झाला, हे दोघांच्याही ध्यानात आलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

"मले बाबाचं माईत नोतं," धर्मेंद्र म्हणाला. "लय चुकलं माह्यं. मले तू पायजे होती, अन मी पोटाचं सांगत बसलो."

"आता खोटं दुखनं सांगून आला, तं दारात उभं नाई करनार," मोनाली डोळे पुसत म्हणाली. "काई दुखत नसन, तवा ये."

"रोज नाई दुखत मले."

"तं मंग रोज ये."

तो परत पंगतीकडे गेला आणि त्यानं सगळ्यांदेखत आईला सांगून टाकलं, की पोट कधीचंच बरं झालं होतं, तो या पोरीसाठी तिच्या दुकानात जात होता. तानुबाईनं हातातल्या पळीकडे पाहिलं, रोडग्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग मोनालीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग आता महादेवाले काय सांगू मी?" तिनं विचारलं.

तानुबाईनं धर्मेंद्रला बाजूला सारलं, त्याच्या पाटावर मोनालीला बसवलं आणि तिच्या पानात रोडगा फोडून वर तूप ओतलं. भाजीचा वास नाकात गेला आणि मोनालीला कडाडून भूक लागली. दुसरा रोडगा संपेपर्यंत ती कुणाशीच बोलली नाही.