कड्यावरचा मध

पहाट फुटली तेव्हा कोरलगडाच्या तटाखाली रात्रीच्या हल्ल्यातली प्रेते अजून धुमसत होती, आणि बुरुजाच्या पायथ्याशी वेढा घालून बसलेल्या हैबतराव निंबोऱ्याचे बेलदार सुरुंगात दारू ठासत होते. दोन प्रहरी बुरुज उडणार होता, आणि आतल्या एकाही जिवाला, अगदी तान्ह्यालाही, अभय मिळणार नव्हते.

मुदपाकखान्यातली सगुणाबाई लेकीला पाजून किल्लेदार सिदोजींपुढे आली. हातात मधाचा बुधला.

"बचनागाचं जहर कालवलंय यात, धनी. खाली जाते."

"अगं, हा तर आपले गडी भाकरीला लावतात तो! हैबत्या शिवेल तरी का याला?"

"किंमत ऐकली की शिवेल. पाच वर्षं त्याच्या चुलीवर होते मी, पण माझं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही. माझा घरधनी साधा गूळ गलबतातनं आलाय म्हणून वाढायचा, अन् हा बोटं चाटायचा. खरं कळलं, त्या दिवशी माझ्या घरधन्याचे हात त्यानं उकळत्या तेलात घातले."

सिदोजींनी मान खाली घातली. "छावणीत आकांत उठला की आम्ही दरवाजा उघडू."

छावणीत पहारेकऱ्यांनी तिला फरफटत हैबतरावापुढे टाकले.

"चोरून आणलाय, सरकार. जीव तेवढा राखा. कड्याच्या पोटातला मध; वर्षाला एवढाच निघतो. औंदा तिघं कोसळले यापायी. शंभर होन देऊनही किल्लेदारानं कुणाला थेंब दिला नाही."

चाखणाऱ्याने खाऊन घटका लोटल्याखेरीज सरकारांनी घास घेऊ नये, हा तिथला दंडक. चाखणारा बोट बुडवू लागला, तोच हैबतरावाने त्याच्या तोंडावर मूठ हाणली.

"शंभर होनांचा घास तुझ्या नरड्यात? हिलाच चाखू दे. जिभेपुरता!"

सगुणाबाईने बोट चाटले आणि हसून म्हणाली, "अमृत आहे, सरकार."

घटका भरायला त्याला धीर कुठला! डोळे मिटून एकेक बोट तो चोखत होता. "हा सुवास! राजांच्याही ताटात नसेल," म्हणत त्याने बुधला निपटला, खूश होऊन तिला सोडून दिले.

ती गडाचा दरवाजा गाठते तोच खाली हैबतराव रक्त ओकत लोळू लागला. सिदोजींचे ऐंशी गडी तुटून पडले. बेलदार सुरुंगाच्या तोंडाशीच कापले गेले, तंबू पेटले, ओढा लाल झाला.

वर देवडीत सगुणाबाईची जीभ जड झाली होती. जावेने रडती लेक तिच्या मांडीवर ठेवली.

"पाजू नका... माझं दूध नको..."

पोर वासाने तिच्या छातीशी तोंड घुसळत राहिली. सगुणाबाईने पदर दोन्ही मुठींत आवळून धरला. दोन प्रहरी विजयाची नौबत झडली, तेव्हा जावेला त्या मुठी एकेक बोट करून उकलाव्या लागल्या.