गाव उगवण्याची वेळ

दहावीच्या वर्गात चंद्रावरून फोन आला, तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी गुपचूप डबा उघडत होतं. सुरुवातीला पडद्यासमोर सगळे श्वास रोखून बसत. पण नव्याचे नऊ दिवस. आता चंद्राचंही अप्रूप उरलं नव्हतं.

फोनवर वर्गातल्या अश्लेषाची आई होती, मंदाकिनी बनगर. म्हसवडच्या वीटभट्टीवर वाढलेली ही बाई चांद्रमातीच्या विटा भाजायला सव्वा वर्षासाठी तिथल्या तळावर गेली होती. महिन्यातून एकदा ती वर्गाशी बोले. आज मात्र भूगोलाच्या लोखंडेबाईंनी विषय काढायच्या आतच तिने आपली अडचण मांडली. परवा संकष्टी. चंद्रोदयाशिवाय उपास सोडायचा नाही, आणि चंद्र तर पायाखाली. मागच्या संकष्टीला हट्टाने दीड दिवस उपाशी राहून ती भट्टीपाशी घेरी येऊन पडली. पुन्हा असं झालं तर भट्टीचं काम बंद, असं तळावरच्या डॉक्टर ओकेलोंनी बजावलं होतं.

घड्याळ बघून जेव, असं अश्लेषाने तिला दहादा विनवलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं.

"घड्याळ रोजच बघते गं. उपास सोडायला काहीतरी उगवलेलं दिसाय पाहिजे."

मग पृथ्वी उगवली की जेवा, असं वर्गातल्या समाधानने सुचवलं. मंदाकिनी हसली. ती तिथे गेल्यापासून पृथ्वी आकाशात एकाच जागी टांगलेली होती. उगवायला ती मावळते कुठे?

बाईंनी लगेच बाकं सरकवली. समाधान झाला पृथ्वी. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर त्यांनी टिकली चिकटवली आणि हे आपलं म्हसवड, असं जाहीर केलं. वर्ग खिदळला. अश्लेषा झाली चंद्र. तोंड सतत समाधानकडे ठेवून तिने त्याच्याभोवती फेरी मारली, तेव्हा तो तिच्या नजरेसमोरून हललाच नाही. मग बाईंनी तिला थांबवलं आणि समाधानला जागच्या जागी डावीकडे फिरायला लावलं. टिकली पलीकडे गेली आणि काही वेळाने गालाच्या कडेवरून पुन्हा पुढे आली.

"बाई, नाक उगवलं," अश्लेषा म्हणाली. मग तिने विचारलं, "समाधान, तुला मी आत्ताच दिसायला लागले ना?"

त्याने मान डोलावली. म्हसवडला चंद्र उगवतो, त्याच क्षणी चंद्रावरून म्हसवड उगवतं. आईला हवं होतं ते हेच.

अडचण एकच होती. चतुर्थीला त्या वेळी पृथ्वीची ती कड अंधारात असते. पण शाळेच्या गच्चीवर किरणदिवा होता. चंद्राकडे हिरवा लेझर सोडायचा आणि त्याच्या जाण्यायेण्याचे अडीच सेकंद मोजून अंतर काढायचं, अशा प्रयोगासाठी तो मिळाला होता. आईने तळावरच्या दुर्बिणीतून बघायचं ठरलं.

संकष्टीला रात्री सगळे गच्चीवर जमले आणि आठ चाळीसला पूर्वेच्या टेकाडावर तांबूस चंद्र आला. समाधानने दिवा लावला. आईने दुर्बिणीला डोळा लावला. पाच मिनिटं गेली, आठ गेली. क्षितिजाजवळची हवा दाट असते, उजेड गिळते, असं बाई सांगत होत्या. पण अश्लेषा फोनच्या पडद्याकडेच बघत होती. सकाळपासून तिनेही काही खाल्लं नव्हतं.

"दिसलं," आई म्हणाली. "कडंला हिरवा ठिपका हाय. उगवलं बघ आपलं गाव."

तिने हात जोडले आणि पाकिटातल्या वरणभाताचा पहिला घास घेतला. ते बघताना अश्लेषाला रडू आलं. इतका आनंद तिला आई चंद्रावर गेल्यापासून झाला नव्हता. बाईंनी तिच्या हातावर मोदक ठेवला.

तेवढ्यात आईच्या खांद्यामागून डॉक्टर ओकेलो डोकावले. बराच वेळ ते दुर्बिणीपाशी रेंगाळत होते. त्यांनी काहीतरी विचारलं आणि आईने ते मराठीत सांगितलं.

"डॉक्टर विचारत्यात, केनियातलं त्यांचं किसुमू कधी उगवतं?"

समाधानने खिशातून टिकली काढून उजव्या गालावर लावली आणि गोल फिरायला लागला. अश्लेषा बोटांवर हिशेब करत होती. किसुमू म्हसवडच्या चाळीस अंश पश्चिमेला, म्हणजे साधारण दोन तास चाळीस मिनिटांनी. वेळ तर सापडली.

"पण बाई," तिने विचारलं, "तिथं त्यांच्यासाठी दिवा कोण लावणार?"